वासराला विचारता येत नव्हतं

साबरमती आश्रमाच्या गोठ्यात एक वासरू पडून होतं. साल १९२८, पावसाळा सरत आलेला. वासरू जायबंदी झालं होतं. कशानं, ते गांधींनी लिहिलेलं नाही. होईल तेवढं औषधपाणी झालं. सर्जनला दाखवलं. तो म्हणाला, आता उपाय नाही. नुसतं कुशीवर वळायचं तरी वासराला असह्य कळा येत होत्या.

ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. बसलेलं जनावर उठेनासं झालं की पहिले दोन दिवस सगळं घर धावपळ करतं. पोत्यांचा आधार, हळद, गूळ, गुरांचा डॉक्टर. मग माश्या येतात. आधी जखमेवर, मग डोळ्यांच्या कडांना. शेपटी हलत नाही, कान हलत नाही, म्हणजे माश्या हाकलायचं जनावराचं स्वतःचं साधनच संपलं. अशा वेळी घरातलं कुणीतरी पंचा घेऊन शेजारी बसतं.

साबरमतीला असंच झालं. गांधींच्या मनात आलं की आता याचे हाल संपवण्याचा एकच मार्ग उरलाय, याचा जीवच संपवणं. त्यांनी आधी आश्रमाच्या व्यवस्थापक मंडळाशी बोलणं केलं. बहुतेकांना ते पटलं. मग विषय सगळ्या आश्रमापुढे ठेवला. तिथे शेजारच्या एका सद्‌गृहस्थांनी कडाडून विरोध केला. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते नुसतं म्हणून थांबले नाहीत. मी याची सेवा करतो, म्हणाले. आश्रमातल्या काही भगिनींच्या बरोबरीनं ते वासराच्या अंगावरच्या माश्या वारत बसले, त्याला काही भरवता येतं का पाहत राहिले.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त आदर वाटतो तो या माणसाबद्दल, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, तरीही.

दुसरा विरोध वल्लभभाईंचा होता आणि तो अगदी वेगळ्या जातीचा. साताऱ्यात जन्मलेले आणि गुजरातीत लिहिणारे काकासाहेब कालेलकर तेव्हा आश्रमात घरचेच होते. त्यांनी ही आठवण लिहून ठेवलीय. वल्लभभाई म्हणाले, वासरू दोन-तीन दिवसांत आपण होऊन जाईल. त्याला मारून उगीच वाद कशाला ओढवून घ्यायचा? आता निधी जमवायला मुंबईला जायचंय. तिथे कुणी कवडी देणार नाही. बारडोलीचा सत्याग्रह नुकताच, ऑगस्टमध्ये, जिंकून आलेला माणूस बोलत होता; लोकांचं मन कुठे फिरतं हे त्याला नेमकं ठाऊक होतं. हा धर्माचा युक्तिवाद नव्हता, व्यवहाराचा होता. आणि व्यवहार म्हणून तो शंभर टक्के बरोबर होता, हे पुढे दिसलंच. गांधींचं उत्तर थोडक्यात असं, की तुमची अडचण कळते, पण ते तळमळत असताना आपण बघत कसं बसायचं?

शेवटी डॉक्टर आला. गांधी स्वतः तिथे उभे राहिले. विषाची सुई दिली गेली. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं.

३० सप्टेंबरच्या ‘नवजीवन’ या आपल्या गुजराती साप्ताहिकात गांधींनी स्वतःच ही हकिकत छापली आणि ४ ऑक्टोबरच्या ‘यंग इंडिया’त ती इंग्रजीत आली. लपवायचं ठरवलं असतं तर ते सहज जमलं असतं. गोठ्यातली गोष्ट, गोठ्यातच राहिली असती. लेखाला मथळा दिला ‘पावकनी ज्वाळा’. प्रीतम या गुजराती संतकवीच्या पदातले हे शब्द आहेत: प्रेमाचा पंथ म्हणजे अग्नीची ज्वाळा, ती पाहूनच लोक माघारी पळतात. अहमदाबादकरांना हे पद तोंडपाठ. त्यांच्याच भजनातली ओळ घेऊन गांधी त्यांना सांगत होते की मी पळालो नाही.

अहमदाबाद पेटलं. का पेटलं, ते कळायला दोन वर्षं मागे जायला हवं.

१९२६ साली अंबालाल साराभाई या गिरणीमालकांच्या आवारात मोकाट कुत्र्यांचा उपद्रव झाला होता. त्यांतली काही पिसाळलेली होती. अंबालाल स्वतः जैन घरातले. त्यांनी साठ कुत्री मारवली, मग मन खाऊ लागलं म्हणून गांधींकडे गेले. गांधी म्हणाले, दुसरं काय करता आलं असतं? हे बाहेर फुटलं आणि पत्रांचा पाऊस पडला. गांधींनी त्यावर ‘यंग इंडिया’त एक-दोन नव्हे, आठ लेख लिहिले. त्यांत त्यांनी अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलचे आकडे दिले होते. श्वानदंशाच्या विषावर उपचार घेतलेले लोक १९२५ या वर्षात १,११७, आणि १९२६ च्या पहिल्या नऊ महिन्यांत ९९०. त्यांचा मुद्दा तिखट होता. दारात आलेल्या कुत्र्याला भाकरतुकडा टाकायचा, पण त्याची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, याला ते जीवदया मानायला तयार नव्हते. असला धर्म करणाऱ्याला पुण्य मिळतं आणि चावा भलत्यालाच बसतो.

इथे मुंबईची आठवण काढायला हवी, कारण हा पेच अहमदाबादचा एकट्याचा नाही. १८३२ साली सरकारनं मोकाट कुत्री मारायचं फर्मान काढलं, तेव्हा मुंबईत दंगल झाली. पुढाकार पारशांचा होता, त्यांच्यासाठी कुत्रा धर्मानं महत्त्वाचा. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. म्हाताऱ्या, लुळ्या-पांगळ्या, टाकून दिलेल्या जनावरांना मरेपर्यंत सांभाळायची जागा. पांजरपोळ हे धर्मनीतीचं खरं, विटामातीचं रूप आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्यांनी आधी तिथे महिनाभर वैरण टाकून दाखवावी. पण पांजरपोळीचा नियमच असा की जनावराचं काय वाटेल ते होवो, मारायचं नाही. कळा किती येताहेत हा प्रश्न तिथे दुसरा. जीव घ्यायचा नाही, हे पहिलं. वासराच्या बातमीनं अहमदाबादच्या महाजनांच्या या पहिल्या नियमालाच हात घातला होता. आणि हात घालणारा माणूस अहिंसेचाच महात्मा.

विरोधकांची बाजू मला इथे नीट मांडायचीय, कारण ती बहुतेक वेळा हास्यास्पद करून सांगितली जाते.

पहिलं म्हणणं कर्माचं. वासरू भोगतंय ते त्याचं प्रारब्ध. आज सुटका केलीत तर उरलेलं कुठेतरी भोगावं लागणारच. हे म्हणणं मला सर्वांत दुबळं वाटतं, कारण ते खरं धरलं तर ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ओली पट्टी ठेवणंही ढवळाढवळच. तसं कुणीच वागत नाही. औषध द्यायला प्रारब्ध आड येत नाही, सुई द्यायला तेवढं येतं.

दुसरं म्हणणं, डॉक्टर चुकू शकतो. हे दुबळं नाही. १९२८ साली गुरांच्या वैद्यकाची काय स्थिती असेल ती असो, आजही ‘आशा नाही’ म्हटलेली जनावरं कधीकधी उठतात. ज्यानं अशी एक गाय उठताना पाहिलीय तो आयुष्यभर कुणाच्या सुईला होकार देणार नाही.

तिसरं सर्वांत जड, आणि त्यासाठी मला गुजरातेत जायची गरज नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेवरचा मोठा भाग आहे. तिथे ज्ञानेश्वर आधी पूर्वमीमांसकांना धारेवर धरतात, यज्ञातली हिंसा हीच अहिंसा म्हणणाऱ्यांना. दृष्टान्त असा की झाडाच्याच फांद्या तोडायच्या आणि त्याच झाडाभोवती कुंपण घालायचं. मग ते आयुर्वेदाकडेही वळतात: एका जीवाला वाचवायला दुसऱ्या किती जीवांची मुळं उपटायची, साली सोलायच्या! हिंसा करून तिला अहिंसा हे नाव द्यायची सवय किती जुनी आहे आणि तिला चांगली माणसंही कशी भुलतात, हे तिथे सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. गांधी वासराला विष देऊन त्याला अहिंसा म्हणतात, हे कुंपण त्याच फांद्यांचं नव्हे का?

मला वाटतं, नव्हे. पण का नव्हे ते सांगायला जरा थांबावं लागतं. यज्ञात मरतो बोकड आणि स्वर्ग मिळतो यजमानाला. औषधात मरतं झाड आणि बरा होतो माणूस. दोन्हीकडे तोटा एकाचा, फायदा दुसऱ्याचा. वासराच्या बाबतीत ज्याचा जीव गेला आणि ज्याच्या कळा थांबल्या तो एकच. गांधींनी लेखात हाच खुंटा बळकट केलाय. शेजाऱ्याच्या ‘निर्माण करता येत नाही तर घेऊ नये’ या युक्तिवादावर ते म्हणतात, जीव घेण्यामागे स्वार्थ असता तर त्याला अर्थ होता, इथे तो गैरलागू आहे. शस्त्रवैद्य रोग्याच्या अंगावर सुरी चालवतो ती हिंसा नव्हे. क्वचित वेळ अशी येते की त्याच्यापुढे एक पायरी जावं लागतं.

त्याच लेखाच्या पुढच्या भागात माकडं आहेत. आश्रमाच्या शेतीत आणि फळझाडांत माकडांनी उच्छाद मांडला होता. त्यांना मारणं ही मात्र हिंसाच होईल, असं गांधी तिथे स्वच्छ लिहितात, कारण तिथे पीक आपलं आणि मरण माकडाचं. दुसरा काही उपाय कुणाला ठाऊक असेल तर कळवा, असंही विचारतात. हा भाग लोक विसरतात. एकाच लेखात एक मारणं अहिंसा आणि दुसरं हिंसा, आणि मोजमाप दोन्हीकडे एकच: फायदा कुणाचा?

विरोधकांच्या आणि गांधींच्या मोजमापातला फरक मला इथे दिसतो. अहमदाबादचा प्रश्न होता, ‘पाप कोणाला लागणार?’ हा प्रश्न मारणाऱ्याकडे बघून विचारलेला. गांधींचा प्रश्न होता, वासराला काय होतंय. धर्मनीती म्हणून आपण जे पाळतो त्यातलं कितीतरी पहिल्या जातीचं असतं. सोवळं, उपास, प्रायश्चित्त, सगळ्यांत नजर आपल्यावर. आपले हात स्वच्छ राहिले की नाही. समोरच्याच्या जखमेत अळ्या पडल्या तरी आपले हात स्वच्छच राहतात, हीच अडचण आहे.

आलेल्या पत्रांपैकी काही इतकी विखारी होती की, अहिंसेचं रक्षण करता करता लिहिणाऱ्यांनीच ती मोडली, अशा अर्थाचं गांधींनी नंतर लिहिलं. ऑक्टोबरभर ते उत्तरं देत होते. माफी मागितली नाही.

इथवर मी गांधींच्या बाजूनं आहे. इथून पुढे पूर्ण नाही.

त्याच लेखात त्यांनी स्वतःला प्रश्न विचारला, हाच नियम माणसाला लावणार का? आणि उत्तर दिलं, हो, मला स्वतःलासुद्धा. यथा पिंडे तथा ब्रह्मांडे. माणसाच्या बाबतीत आपण सहसा असं करत नाही, कारण त्याची सेवा करायला साधनं असतात आणि तो स्वतः विचार करून ठरवू शकतो. पण मदतीचा मार्गच उरला नाही, बरं होणं अशक्य आणि रोगी बेशुद्धीत तळमळतोय, तर त्याला सोडवण्यात मी हिंसा मानणार नाही. हे १९२८ साली हिंदुस्थानात छापून येणं ही साधी गोष्ट नव्हती.

मग पुढे एक उदाहरण येतं. समजा माझ्या मुलीवर अत्याचार होऊ घातलाय, तिला वाचवायचा कुठलाच मार्ग नाही, आणि त्या क्षणी तिची इच्छा काय ते कळायला उपाय नाही. तर तिचा जीव घेऊन स्वतःला त्या नराधमाच्या हवाली करणं ही माझ्या दृष्टीनं शुद्ध अहिंसा ठरेल.

हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं, खरं सांगतो. वासराच्या कळा वासराच्या होत्या. इथे मुलीच्या अंगात कळा नाहीत, असाध्य रोग नाही. आहे ती बापाच्या मनातली अब्रू. ती वाचली असती, जगली असती, बरी झाली असती. म्हणजे जो प्रश्न त्यांनी गोठ्यात मागच्या दारानं हाकलला, ‘डाग कोणाला लागणार?’ तो घरात पुढच्या दारानं आत आला. आणि ‘तिची इच्छा कळायला उपाय नाही’ ही अट त्यांनी स्वतःच घालून घेतली. वासराला खरंच विचारता येत नव्हतं. मुलीला येतं.

हा माझा खोडसाळपणा वाटू नये म्हणून गांधींनीच सांगितलेली दुसरी गोष्ट शेजारी ठेवतो. ही १९०२ ची, मुंबईतली, गिरगावातली. दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, त्यात न्यूमोनियाची लक्षणं, रात्री बरळणं. पारशी डॉक्टर आला, म्हणाला, औषधाचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. गांधी म्हणाले, आम्ही शाकाहारी. मुलाची नाडी बघून जा, पाण्याचे उपचार मी करतो. कटिस्नान, पाणी घातलेला संत्र्याचा रस. ताप १०४ वर. शेवटी ओल्या चादरीत गुंडाळून ठेवलं, कस्तुरबांना बसवलं आणि स्वतः मन शांत करायला चौपाटीवर गेले. रामनाम घेत परत आले तर मुलगा म्हणतोय, मला बाहेर काढा, मी जळतोय. मग घाम फुटला, ताप उतरायला लागला. पुढे चाळीस दिवस पातळ दूध आणि फळांचे रस.

मुलगा वाचला. देवानं वाचवला, पाण्यानं की पथ्यानं, हे ज्यानं त्यानं ठरवावं, असं गांधी म्हणतात. मला त्यातलं एक छोटं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरशी झालेलं बोलणं त्यांनी मणिलालला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तुमचे पाण्याचेच उपचार करा, मला अंडी नकोत, सूप नको. याचा त्यांना आनंद झाला. आणि लगेच पुढे कबुली: मी दिलं असतं तर त्यानं तेही घेतलं असतं. केवढी प्रामाणिक कबुली आहे ही! दहा वर्षांच्या, तापानं फणफणलेल्या पोराची संमती म्हणजे बापाच्या मताचा प्रतिध्वनी, हे त्यांना कळत होतं. तरी धर्म बापाचा, ताप मुलाचा. या रात्रीच्या आणि वासराच्या मध्ये सव्वीस वर्षं गेली आहेत. गोठ्यातल्या निर्णयात मला चौपाटीवरच्या फेऱ्यांचं ओझं कमी झालेलं दिसतं. मुलीच्या उदाहरणात ते पुन्हा दिसतं.

महाराष्ट्रात हा पेच पुढे एकदा अगदी उघड्यावर आला, आणि तोही मुंबईतच. अरुणा शानबाग केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूला इजा झाली; त्या कधीच पूर्ण भानावर आल्या नाहीत. पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की त्यांना शांतपणे जाऊ द्यावं. केईएमच्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. त्यांनी एकामागून एक पिढ्या अरुणाताईंना भरवलं होतं, पुसलं होतं, कूस बदलली होती. इतक्या वर्षांत अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. ७ मार्च २०११ ला न्यायालयानं अर्ज फेटाळला. निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची, वाट तत्त्वतः उघडली, पण अरुणाताईंच्या वतीनं बोलायचा हक्क अर्जदाराचा नव्हे, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं म्हटलं. त्यांचा निर्णय जगवण्याचा होता. १८ मे २०१५ ला अरुणाताई न्यूमोनियानं गेल्या. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं पुढचं पाऊल टाकलं: माणसाला शुद्धीत असतानाच, पुढे आपल्यावर कोणते उपचार करू नयेत, हे लिहून ठेवता येतं. गांधी ज्याला ‘तो स्वतः ठरवू शकतो’ म्हणत होते, त्याला कायद्यानं कागद दिला.

केईएमच्या परिचारिकांशी मी सहमत आहे का? मला वाटतं, नाही. पण त्यांच्या आणि अहमदाबादहून पत्रं धाडणाऱ्यांच्या ‘नको’मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पत्र लिहिणाऱ्यानं वासराला हात लावला नव्हता. परिचारिकांचा हात चार दशकं त्या अंगावर होता. साबरमतीच्या शेजाऱ्याचा निदान काही काळ तरी होता. म्हणून त्याचं म्हणणं गांधींनी ऐकून घेतलं आणि लेखात मानानं नोंदवलं, तरीही केलं मनाचंच.

२०११ च्या निकालाचं माप १९२८ च्या गोठ्याला लावलं तर निर्णय कोणाचा ठरला असता? व्यवस्थापक मंडळाचा नक्कीच नाही. मंडळ बैठकीत बसलेलं होतं. वासराजवळ बसलेल्या होत्या त्या आश्रमातल्या भगिनी, पंचानं माश्या वारत आणि तोंडाशी घास धरत. त्यांचं म्हणणं काय होतं, ते गांधींच्या त्या लेखात आलेलं नाही.